वाचकांचे प्रश्न : हॉटेलातील माणसे का टिकतात आणि का जातात?

हॉटेल व्यवसायातील मनुष्यबळाविषयी गेल्या काही अंकांत जे लिहिले गेले, त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखक आजही त्याच आस्थापनांत काम करीत असल्यामुळे त्यांची नावे आणि हॉटेलांचे तपशील दिलेले नाहीत.

प्रश्न : आमच्या हॉटेलात १२० कर्मचारी आहेत आणि गेल्या वर्षभरात ४८ जण सोडून गेले. व्यवस्थापनाने पगार वाढवले, ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’ हा पुरस्कार सुरू केला, कर्मचाऱ्यांचे वाढदिवस साजरे करायला सुरुवात केली. तरीही माणसे थांबत नाहीत. सोडून जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांतच जातात. आमचे नेमके कोठे चुकत आहे? – एक मनुष्यबळ अधिकारी

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांपासूनच सुरुवात करू. १२० जणांच्या आस्थापनेत वर्षभरात ४८ जण सोडून गेले, म्हणजे गळती ४० टक्के झाली. बैठकीत हाच आकडा मांडला जातो आणि बहुधा चर्चाही तेथेच थांबते. परंतु या ४० टक्क्यांच्या पोटात दोन अगदी वेगळ्या परिस्थिती असू शकतात. एखाद्या हॉटेलात ४८ वेगवेगळ्या जागांवरची जुनी, अनुभवी माणसे गेलेली असतील. दुसऱ्या हॉटेलात १६ जागाच अशा असतील, की त्या प्रत्येक जागेवरून वर्षभरात तीन-तीन माणसे गेली आणि उरलेल्या १०४ जागांवरचे कोणीही हलले नाही. पहिल्या हॉटेलात एकूण व्यवस्थेवरचाच विश्वास उडालेला आहे, तर दुसऱ्यात दुखणे काही ठरावीक जागांपाशी आहे. बहुतेक जण तीन महिन्यांच्या आत जातात, असे आपण लिहिता, त्यावरून आपले हॉटेल दुसऱ्या प्रकारात मोडत असावे. म्हणूनच पगारवाढीसारखा, सर्वांना एकसारखा लागू होणारा उपाय तेथपर्यंत पोहोचलेला नाही. गेलेल्या ४८ जणांची यादी काढावी आणि विभाग, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि ते कोणत्या सुपरवायझरच्या हाताखाली होते, असे चार रकाने करून ती मांडावी. शेवटचा रकाना भरताना थोडे धैर्य लागेल, पण तो वगळू नये.

पगाराला महत्त्व नाही असे माझे मुळीच म्हणणे नाही. इतर हॉटेलांच्या मानाने पगार कमी असेल, तर बाकीचे सर्व प्रयत्न वाया जातात आणि तसे ते जाणे योग्यही आहे. मात्र पगार रास्त पातळीला आल्यानंतर त्याची माणूस धरून ठेवण्याची शक्ती मर्यादित राहते. नोकरी सोडण्याच्या कारणांवरील अनेक अभ्यास एकत्र करून ग्रिफेथ, हॉम आणि गार्टनर यांनी २००० मध्ये जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात पगार आणि नोकरी सोडणे यांचा संबंध बेताचाच आढळला. संस्थेविषयीच्या बांधिलकीवरून मात्र कोण जाणार याचा अंदाज कामातील एकूण समाधानापेक्षाही चांगला बांधता येतो, असे दिसून आले. याचा अर्थ असा, की एखाद्याला काम आवडत असूनही तो हॉटेल सोडू शकतो. स्वयंपाकघरात रमणारा कनिष्ठ शेफ दुसऱ्या स्वयंपाकघरातही तितकाच रमतो; त्याने आपलेच स्वयंपाकघर का निवडावे, हा खरा प्रश्न आहे.

जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. ‘मला येथे राहावेसे वाटते’ ही भावनिक बांधिलकी. ‘सोडले तर माझे नुकसान होईल’ ही हिशेबी बांधिलकी. आणि ‘यांना असे सोडून जाणे बरोबर नाही’ ही कर्तव्यभावनेची बांधिलकी. तिन्ही प्रकारांमुळे माणूस जागेवर राहतो, पण त्याच्या हातून होणारे काम सारखे नसते. पुढच्या काळातील अभ्यासांत असे दिसले, की उपस्थिती आणि कामाचा दर्जा यांच्याशी सर्वांत घट्ट नाते भावनिक बांधिलकीचे आहे, तर केवळ नुकसानीच्या भीतीने थांबलेल्याच्या कामात चांगला फरक पडत नाही, उलट थोडी घसरणच होण्याची शक्यता असते. हॉटेलात तर हा भेद पाहुण्याला काउंटरवर उभ्या उभ्या कळतो. आपण केलेली पगारवाढ मुख्यतः दुसऱ्या प्रकाराला बळ देते. पहिला प्रकार घडतो तो रोजच्या वागणुकीतून, आणि त्याची घडण रुजू होण्याच्याही आधी सुरू होते.

मुलाखतीच्या वेळी उमेदवाराला लॉबी, बँक्वेट हॉल आणि बढतीची शिडी दाखवली जाते. ब्रेक शिफ्टमध्ये, म्हणजे दोन तुकड्यांत विभागलेल्या ड्यूटीत, दुपारचे चार तास कोठे काढायचे, इतरांच्या सुट्टीच्या दिवशी आपली ड्यूटी हमखास असते, दिवसभर उभे राहून पाय भरून येतात, हाउसकीपिंगमध्ये दर खोलीमागे मिळणारी मिनिटे मोजकीच असतात, हे सांगितले जात नाही. मग पहिल्या दोन आठवड्यांत हे सर्व एकदम समोर येते आणि नवा माणूस त्यातून एकच निष्कर्ष काढतो, की आपल्याला फसवले. कामाच्या कष्टापेक्षा ही फसवणुकीची जाणीवच त्याला बाहेर ढकलते. नोकरीचे खरे स्वरूप आधीच दाखवण्याच्या पद्धतीवर १९७० च्या दशकापासून संशोधन झाले आहे. तिचा परिणाम फार मोठा नसला, तरी तो गळती कमी करण्याच्याच दिशेने आहे आणि तिला खर्च जवळजवळ शून्य लागतो. निवड पक्की करण्याआधी उमेदवाराला एक पूर्ण शिफ्ट त्याच विभागात निरीक्षक म्हणून बसवावे आणि त्याच पदावर वर्षभर काढलेल्या कर्मचाऱ्याशी, अधिकारी जवळ नसताना, बोलू द्यावे. त्यानंतर काही जण नकार देतील. तो नकार तिसऱ्या महिन्यातील राजीनाम्यापेक्षा दोघांच्याही हिताचा आहे.

त्यानंतर येतो तो सुपरवायझर. नव्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने संचालक मंडळ किंवा मनुष्यबळ विभाग म्हणजे हॉटेल नसते. त्याचा सुपरवायझर हेच त्याचे हॉटेल असते. रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ‘संस्थेला माझी किंमत आहे का’ ही कर्मचाऱ्याची धारणा मोजायला सुरुवात केली, आणि २००२ मध्ये असे दाखवून दिले, की वरिष्ठाचा आधार वाटत असेल तर संस्थेचाही आधार वाटू लागतो आणि त्यातून माणसे टिकतात. संस्थेत ज्या वरिष्ठाचे वजन अधिक, त्याच्याबाबतीत हा परिणामही अधिक. आपल्याकडे काय होते? उत्तम स्टुअर्डला (वाढप्याला) कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा प्रमुख, केले जाते, उत्तम रूम अटेंडंटला सुपरवायझर केले जाते, पण माणसांकडून काम कसे करून घ्यायचे, चूक कशी दाखवायची, सुट्टी नाकारायची वेळ आली तर ती कशी नाकारायची, याचे शिक्षण त्यांना कोणी देत नाही. मला विचाराल, तर पुरस्कार आणि वाढदिवस यांवरचा सगळा खर्च एक वर्षभर या पहिल्या पायरीवरच्या वरिष्ठांच्या प्रशिक्षणाकडे वळवावा.

आणि शेवटी ड्यूटी रोस्टर, म्हणजे कोणाची ड्यूटी आणि सुट्टी केव्हा, याचे वेळापत्रक. यावर मी मुद्दाम थांबतो, कारण हॉटेलातील सर्वांत प्रभावी मनुष्यबळ धोरण सूचना फलकावर लावलेल्या त्या एका कागदावर असते. नियुक्तिपत्रात आठवड्याला एक सुट्टी लिहिलेली असते. ती सुट्टी आदल्या रात्री फोन करून रद्द केली जाते. बदली सुट्टी ‘पुढे बघू’ या शब्दांत विरून जाते. रात्री उशिरा बंद करणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी पहाटे उघडायला बोलावले जाते. असे चार वेळा घडल्यावर त्या माणसाने वाढदिवसाच्या केकमध्ये आपुलकी शोधावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. हॉटेल आणि उपाहारगृहांतील कामाच्या परिस्थितीविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९१ मध्ये १७२ क्रमांकाचा करार स्वीकारला. कर्मचाऱ्यांना आपले वैयक्तिक आणि कौटुंबिक जीवन आखता यावे, म्हणून शक्य तेथे वेळापत्रक पुरेसे आधी कळवावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. टिप मिळो वा न मिळो, मूळ वेतन ठरलेल्या मुदतीने मिळालेच पाहिजे, हेही त्याच करारात आहे.

आपण एवढे करून पाहावे : रोस्टर दोन आठवडे आधी लावावे, त्यानंतरचा प्रत्येक बदल कोणी केला आणि का केला, याची नोंद ठेवावी, साप्ताहिक सुट्टी रद्द करण्याचा अधिकार सुपरवायझरकडून काढून विभागप्रमुखाकडे द्यावा आणि बदली सुट्टीची तारीख त्याच क्षणी लिहून द्यावी, दोन कर्मचारी आपापसांत शिफ्ट बदलून घेत असतील, तर कामाला बाध न येता तशी मुभा द्यावी. सहा महिन्यांनी चार रकान्यांची ती यादी पुन्हा मांडावी. मार्क ह्यूसेलिड यांनी १९९५ मध्ये सुमारे एक हजार कंपन्यांच्या अभ्यासातून निवड, प्रशिक्षण, मोबदला आणि कर्मचाऱ्यांचा सहभाग यांच्या चांगल्या पद्धती, कमी गळती आणि अधिक उत्पादकता यांचा संबंध दाखवला. या पद्धती एकमेकींना पूरक असाव्यात, हा विचारही त्यामागे होता. पुरस्कार एक सांगतो आणि रोस्टर दुसरे सांगते, तेव्हा माणूस रोस्टरवर विश्वास ठेवतो.

प्रश्न : मी हॉटेलचा मालक आहे. आम्ही नव्या मुलांना भाषेपासून बिलिंगच्या सॉफ्टवेअरपर्यंत सर्व शिकवतो, आणि तयार झालेला मुलगा सहा महिन्यांत दुसरीकडे जातो. आता दोन वर्षांचा बाँड लिहून घ्यावा आणि तोपर्यंत मूळ प्रमाणपत्रे आमच्याकडे ठेवावीत, असा विचार आहे. आपले मत काय? – एक हॉटेलमालक

उत्तर : प्रमाणपत्रे ठेवून घेऊ नयेत, हे मी प्रथम आणि निःसंदिग्धपणे सांगतो. कामगाराची ओळखपत्रे ताब्यात ठेवणे हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या लक्षणांपैकी एक मानले आहे. शिक्षणाची प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यामागचा दबाव वेगळ्या जातीचा नाही. कोणाच्या आयुष्याची कागदपत्रे कुलपात ठेवून त्याच्याकडून आदरातिथ्याची अपेक्षा करता येत नाही.

आता आपल्या मूळ दुःखाकडे वळू, कारण ते खरे आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये प्रशिक्षणाचे दोन प्रकार वेगळे केले : कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडणारे आणि केवळ आपल्याच संस्थेत उपयोगी पडणारे. हॉटेलातील बहुतेक कौशल्ये पहिल्या प्रकारची आहेत. आरक्षणाची प्रणाली, टेबल मांडणी, पाहुण्याशी बोलण्याची रीत हे सर्व दुसऱ्या हॉटेलातही जसेच्या तसे चालते. म्हणून प्रशिक्षण पूर्ण होते त्याच दिवशी त्या मुलाची बाजारातील किंमत वाढते. आपण त्याला शिकवल्यानंतरही शिकाऊचाच पगार आणि शिकाऊचेच पद देत राहिलो, तर त्याची खरी किंमत ओळखणारा पहिला माणूस शेजारचा हॉटेलमालक ठरतो. गळतीचे मूळ पुष्कळदा या मधल्या महिन्यांत असते. त्यामुळे प्रशिक्षणाचा प्रत्येक टप्पा पदाशी आणि पगाराशी आधीच जोडून द्यावा, तो लेखी द्यावा, आणि टप्पा पार झाल्यावर मुलाने आठवण करून देण्याची वाट न पाहता तो लागू करावा.

बाँडने फार तर हिशेबी बांधिलकी मिळेल. त्या दोन वर्षांत तो मुलगा दिवस मोजत काउंटरवर उभा राहील आणि नव्या मुलांनाही तेच मोजणे शिकवेल. त्याऐवजी त्याला दुसऱ्या विभागाचे काम शिकण्याची संधी द्यावी, आणि वरची जागा रिकामी झाल्यावर बाहेर जाहिरात देण्याआधी आतल्या उमेदवारांची मुलाखत घेण्याचा नियम करावा. आपल्याच हॉटेलात दोन वर्षांनी आपण कोठे असू, हे ज्याला दिसते, तो बाहेरच्या थोड्या जास्त पगाराचा विचार अधिक सावकाश करतो.

खर्चाचाही एकदा पूर्ण हिशेब करावा, कारण बहुतेक मालक फक्त जाहिरात आणि गणवेश मोजतात. टिमथी हिंकिन आणि ब्रूस ट्रेसी यांनी खास हॉटेलांसाठी गळतीच्या खर्चाची पाच गटांत मांडणी केली : माणूस जाताना होणारा खर्च, नवे उमेदवार मिळवण्याचा, निवडीचा, रुजू करून घेण्याचा आणि नवा माणूस तयार होईपर्यंत बुडालेल्या कामाचा. पाचवा गट कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. चुकीची खोली दिली जाते, बिल दुरुस्त करावे लागते, जुना सहकारी स्वतःचे काम सोडून शिकवत राहतो, त्याचा ओव्हरटाइम वाढतो, आणि दमलेला तो जुना माणूसही मग इतरत्र चौकशी करू लागतो. लेनर्ड श्लेसिंजर आणि जेम्स हेस्केट यांनी १९९१ मध्ये सेवा उद्योगातील ज्या अपयशाच्या चक्राचे वर्णन केले, ते हेच होय : माणसे कशीही जाणारच, म्हणून पगार आणि शिक्षण यांवर खर्च नको, खर्च नाही म्हणून सेवा खालावते, सेवा खालावली म्हणून पाहुणे आणि कर्मचारी दोघेही जातात. आपण निदान शिकवण्यावर खर्च करता, म्हणजे या चक्राबाहेर पडण्याची अर्धी वाट आपण चालून आला आहात. बाँडच्या मार्गाने परत मागे जाऊ नये.

प्रश्न : मी रिसेप्शनवर काम करते. मला काम आवडते. परंतु काही दिवसांपूर्वी खोली तयार होण्यास उशीर झाला म्हणून एका पाहुण्याने सर्वांसमोर माझा अत्यंत वाईट शब्दांत अपमान केला. मी हसतमुखच राहिले. नंतर मॅनेजरने मलाच त्याची माफी मागायला लावली. तेव्हापासून ड्यूटीवर जाण्याची वेळ आली की जीव घाबरा होतो. हा माझा दुबळेपणा आहे का? – एक रिसेप्शनिस्ट

उत्तर : नाही. आपण जे सोसले ते कामच होते, आणि ते अतिशय कष्टाचे काम होते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या अभ्यासातून याला भावनिक श्रम म्हटले : नोकरीचा भाग म्हणून स्वतःच्या भावना आवरणे आणि मालकाला हव्या त्या भावना चेहऱ्यावर आणणे. त्यांनी त्याच्या दोन रीती सांगितल्या. एकीत माणूस आतून वेगळाच असतो आणि फक्त चेहरा बदलतो. दुसरीत तो समोरच्याची अडचण समजून घेऊन स्वतःची भावनाच बदलण्याचा प्रयत्न करतो. पुढील संशोधनात थकवा आणि उद्विग्नता यांचा संबंध प्रामुख्याने पहिल्या रीतीशी आढळला आहे. अपमान होत असताना दुसरी रीत शक्यच नसते. त्या क्षणी आपण फक्त चेहरा सांभाळला, आणि त्याचा भार आता अंगावर येत आहे.

आपल्या पत्रातील दोन घटना मी वेगळ्या मानतो. पाहुण्याने केलेला अपमान वेदनादायक होता, पण तो परका माणूस होता आणि निघून गेला. मॅनेजरने माफी मागायला लावली, तेव्हा आपली संस्था आपल्या बाजूने नाही, असे आपल्याला कळले. कामाचे प्रेम शिल्लक असूनही पाऊल जड होते, त्याचे कारण मला तेथे दिसते. खोली तयार नसण्यात आपली काही चूक नव्हती. हॉटेलच्या वतीने उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करणे वेगळे, आणि अपमान झालेल्या व्यक्तीने अपमान करणाऱ्याची माफी मागणे वेगळे. हा भेद ज्या मॅनेजरला कळत नाही, त्याला तो शिकवण्याची जबाबदारी हॉटेलची आहे.

व्यवस्थापनातील वाचकांसाठी येथे थोडे विस्ताराने लिहितो. संतापलेल्या पाहुण्यासमोर कर्मचाऱ्याच्या हाती काहीच अधिकार नसेल, तर त्याच्याकडे फक्त हसू उरते आणि ते फार लवकर संपते. रिट्झ-कार्लटन या हॉटेलसमूहाने प्रत्येक कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी २,००० डॉलरपर्यंतचा निर्णय वरिष्ठांना न विचारता घेण्याची मुभा दिली, ही गोष्ट व्यवसायात सर्वश्रुत आहे. या समूहाला १९९२ आणि १९९९ मध्ये दर्जासाठीचा अमेरिकेतील माल्कम बाल्ड्रिज राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढी मोठी रक्कम प्रत्येक हॉटेलाला झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही. खोलीचा दर्जा वाढवून देणे, चेक-आउटची वेळ पुढे ढकलणे किंवा एका जेवणाचे बिल न लावणे, एवढे जरी रिसेप्शनच्या हाती असेल, तरी तेथे उभ्या असलेल्या व्यक्तीला आपल्यावर विश्वास टाकला आहे, हे कळते. त्याचबरोबर कोणत्या मर्यादेनंतर पाहुण्याशी बोलणे ड्यूटी मॅनेजरने स्वतःकडे घ्यायचे, हे लिहून ठेवावे. कामाच्या जगातील हिंसा आणि छळ यांविषयीच्या २०१९ च्या १९० क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय करारात ग्राहकांसारख्या बाहेरच्या व्यक्तींकडून होणारा त्रासही विचारात घेतला आहे. खोल्यांत एकट्याने काम करणाऱ्या हाउसकीपिंगच्या स्त्रियांसाठी तर हा थेट सुरक्षेचा प्रश्न आहे आणि त्यांच्याजवळ मदत मागण्याचे साधन असलेच पाहिजे.

आपण स्वतः काय करावे? घडलेला प्रसंग तारीख, वेळ आणि हजर असलेल्यांसह लिहून मनुष्यबळ विभागाला द्यावा, आणि मागणी नेमकी करावी : असे पुन्हा घडल्यास कोणाला बोलवायचे, आणि त्या वेळी काउंटर सोडून दहा मिनिटे आत जाण्याची परवानगी असेल का? उत्तर कसे मिळते, यावरून आपल्याला बरेच कळेल. घाबरे होणे तसेच राहिले, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलण्यास संकोच करू नये. आणि उत्तर मिळालेच नाही, तर दुसरे हॉटेल शोधण्यात कमीपणा मानू नये. आपल्यासारखी माणसे या व्यवसायाला हवी आहेत. ती याच काउंटरवर असली पाहिजेत असे नाही.

प्रश्न : ‘मनुष्यबळ पद्धती आणि हॉटेल कर्मचाऱ्यांची बांधिलकी’ या विषयावर मी पदव्युत्तर प्रबंध करीत आहे. एकाच प्रश्नावलीत पद्धतींविषयीचे मत, बांधिलकी आणि नोकरी सोडण्याचा इरादा असे तिन्ही विचारले तर चालेल का? – एक विद्यार्थी

उत्तर : चालते, आणि बहुतेक जण तसेच करतात, पण त्यातून काढलेले निष्कर्ष कच्चे राहतात. एकाच माणसाने एकाच बैठकीत दिलेल्या उत्तरांवर त्या दिवशीच्या त्याच्या मनःस्थितीची छाया पडते. सुट्टी नाकारली गेली त्या दिवशी त्याला प्रशिक्षणही वाईट वाटेल, हॉटेलही परके वाटेल आणि नोकरीही सोडावीशी वाटेल. तिन्ही गोष्टी एकत्र हलल्या, एवढ्यावरून पहिलीने दुसरी घडवली असे म्हणता येत नाही.

माउडे, स्टिअर्स आणि पोर्टर यांची बांधिलकी मोजणारी १९७९ ची १५ विधानांची प्रश्नावली वापरणार असाल, तर आणखी एक काळजी घ्यावी. तिच्यातील काही विधाने संस्थेत राहण्याच्या इच्छेविषयीचीच आहेत, त्यामुळे बांधिलकी आणि सोडण्याचा इरादा यांचा संबंध असायला हवा त्यापेक्षा मोठा दिसतो. ती विधाने वगळून एकदा गणित करून पाहावे. शक्य असल्यास पद्धतींची माहिती रोस्टर, प्रशिक्षण आणि बढती यांच्या नोंदींतून घ्यावी, बांधिलकी कर्मचाऱ्यांना विचारावी, आणि सहा महिने ते वर्षभरानंतर कोण प्रत्यक्ष गेले हे दप्तरातून पाहावे. इरादा आणि कृती यांत अंतर असते. मार्च आणि सायमन यांनी १९५८ मध्येच सांगितले होते, की माणूस जातो ते जावेसे वाटते म्हणून आणि जाणे सोपे आहे म्हणूनही. बाहेर नोकऱ्या नसतील तेव्हा गळती कमी दिसेल, पण तेवढ्यावरून बांधिलकी वाढली असे लिहू नये. आपल्या मार्गदर्शकांना वेळेची अडचण वाटत असेल, तर एकच हॉटेल घ्यावे पण त्याचा दोनदा अभ्यास करावा. दहा हॉटेलांत एकदाच फिरण्यापेक्षा ते मला अधिक मोलाचे वाटते.

प्रश्न : आमच्या रेस्टॉरंटचे सर्वांत अनुभवी कॅप्टन राजीनामा देऊन गेल्या आठवड्यापासून नोटीस पिरियडवर आहेत. दुसऱ्या हॉटेलाने त्यांना अधिक पगार देऊ केला आहे. आम्हीही तेवढाच पगार देऊन त्यांना थांबवावे का? – अन्न व पेय विभागाचा प्रमुख

उत्तर : पगाराचा आकडा सांगण्याआधी, त्यांनी बाहेरच्या बोलावण्याकडे लक्ष देण्यास केव्हा सुरुवात केली, हे शोधावे. थॉमस ली आणि टेरेन्स मिचेल यांनी १९९४ मध्ये असे मांडले, की अनेक राजीनामे हळूहळू साचलेल्या असमाधानातून येत नाहीत. एखादा धक्का माणसाला विचार करायला लावतो. तो धक्का घरचा असू शकतो, बाहेरून आलेल्या प्रस्तावाचा असू शकतो किंवा कामावरचा असू शकतो, जसे की हक्काची बढती दुसऱ्याला मिळणे. कॅप्टनच्या बाबतीत सहायक व्यवस्थापकाची जागा अलीकडे भरली गेली का? त्यांच्याहून नव्या माणसाला त्यांच्याएवढा पगार दिला गेला का? ही उत्तरे आपल्याला बहुधा ठाऊक असतील.

कारण केवळ पगाराचे असेल आणि ते खरोखरच कमी पगारावर काम करीत असतील, तर त्यांचा पगार जरूर वाढवावा, पण त्याच दर्जाच्या इतर कॅप्टनांचाही त्याच वेळी तपासावा. राजीनामा दिल्यावरच किंमत कळते, हा धडा एकदा विभागात पसरला, की पुढची पत्रे फार लवकर आपल्या टेबलावर येतात. कारण दुखावलेल्या मानाचे असेल, तर पैशाने ते दोन-तीन महिने झाकले जाईल, एवढेच.

माणसे का थांबतात, याचा शोध घेताना मिचेल, ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तीन धागे सांगितले : सहकाऱ्यांशी आणि परिसराशी असलेली नाती, आपण येथे शोभतो ही जाणीव, आणि जाताना सोडाव्या लागणाऱ्या गोष्टी. आपल्या कॅप्टनपाशी हे तिन्ही धागे असतील : त्यांना नावाने हाक मारणारे नेहमीचे पाहुणे, त्यांच्या हाताखाली तयार झालेले स्टुअर्ड, सोयीची शिफ्ट. त्यांच्याशी निवांत बसून, रेस्टॉरंटपासून दूर, या गोष्टींविषयी बोलावे आणि अधिक ऐकावे. त्यांना मनवण्याची घाई करू नये.

तरीही ते जाणार असतील, तर नोटीस पिरियडमध्ये त्यांना बाजूला टाकू नये किंवा मुद्दाम अवघड शिफ्ट लावू नयेत. असे सर्रास होते आणि उरलेले सगळे ते पाहत असतात. त्यांच्याकडून नव्या कॅप्टनला काम सोपवून घ्यावे आणि देणी वेळेवर चुकती करावीत. निरोपाची मुलाखत थेट वरिष्ठाने घेऊ नये, म्हणजे आपणही घेऊ नये. ती मनुष्यबळ विभागाने घ्यावी, आणि जमल्यास तीन-चार महिन्यांनी पुन्हा एकदा फोन करून विचारावे, कारण शेवटच्या दिवशी अनुभवपत्र हाती पडायचे असते तेव्हा कोणी खरे कारण सांगत नाही. तोपर्यंत त्यांना नव्या जागेचाही अनुभव आलेला असेल. ती जागा मानवली नसेल, तर परत येण्यासाठी आपल्याकडे कोणाशी बोलायचे, हे त्यांना निघतानाच सांगून ठेवावे.